संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीतील निर्णयाविरुद्ध दाद कशी मागावी

संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत असलेल्या माणसाला मुदतवाढ नाकारल्याचे पत्र आले की त्याला पहिल्यांदा आठवते ते कामगार न्यायालय. तिथे वेळ घालवू नये. १९४६ च्या करारानुसार या संस्थेवर देशांतल्या न्यायालयांत दावा चालत नाही आणि भारताने १९४७ च्या कायद्याने ही सवलत मान्य केलेली आहे. त्याऐवजी संस्थेची स्वतःची न्यायव्यवस्था आहे, ती मात्र तारखांच्या बाबतीत अतिशय कडक आहे.

पहिली पायरी म्हणजे निर्णयाच्या फेरतपासणीची लेखी मागणी, ज्याला कर्मचारी ‘मॅनेजमेंट इव्हॅल्युएशन’ म्हणतात. ती निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत करावी लागते आणि त्यात शनिवार, रविवार, सुट्ट्या सगळे धरले जाते. समजा, ई-मेल ३ मार्चला मिळाला, तर शेवटचा दिवस २ मे. दरम्यान तुम्ही साहेबांना पुन्हा विनंती केली आणि १० मे रोजी ‘आधीचा निर्णय कायम आहे’ असे उत्तर आले, तर मुदत नव्याने सुरू होत नाही. चांगली प्रकरणे इथेच बुडतात, आणि ही मुदत माफ करण्याचा अधिकार पुढच्या पायरीवर निकाल देणाऱ्या संस्थेच्याच न्यायाधिकरणालाही नाही. म्हणून तो ई-मेल तारखेसह त्याच दिवशी छापून ठेवावा.

ओम्बुड्समनकडे, म्हणजे संस्थेच्याच तटस्थ मध्यस्थाकडे, गुप्तपणे बोलून तोडगा काढण्याचा मार्ग मला अधिक माणुसकीचा वाटतो, कारण पुढेही त्याच लोकांबरोबर काम करायचे असते. पण नुसत्या बोलण्याने घड्याळ थांबत नाही. मुदत वाढवून मिळाल्याचे लेखी घ्यावे.

निर्णय लवकरच अमलात येणार असेल तर फेरतपासणी चालू असतानाच स्थगिती मागता येते. त्यासाठी निर्णय सकृद्दर्शनी बेकायदा आहे, निकड आहे आणि भरून न येणारे नुकसान होईल, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. मुदतीच्या नेमणुकीत नूतनीकरणाचा हक्क आपोआप मिळत नाही; मात्र दिलेले कारण खरे असावेच लागते. ते कारण लेखी मागा आणि जुने कामगिरी-अहवाल जवळ ठेवा.

फेरतपासणीचे उत्तर न्यूयॉर्कच्या मुख्यालयातील कर्मचाऱ्यांना ३० आणि इतरत्र ४५ दिवसांत अपेक्षित असते. उत्तर मिळाल्यापासून, किंवा ते न आल्यास ही मुदत संपल्यापासून, ९० दिवसांत न्यूयॉर्क, जिनिव्हा वा नैरोबी येथील वाद न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. २००९ पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत निकालावर ६० दिवसांत अपीलही होते. कर्मचाऱ्यांसाठीचे कायदेविषयक साहाय्य कार्यालय सल्ला देते. तिथे पहिल्याच आठवड्यात जावे.

सल्लागार म्हणून करार केलेल्यांना हे दार बंद आहे. त्यांनी करारातील लवादाचे कलम वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेत असाल तर रस्ताच वेगळा: अंतर्गत अपील संपल्यावर जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे प्रशासकीय न्यायाधिकरण, तिथेही ९० दिवस, आणि त्याच्या निकालावर अपील नाही.