ओव्हरड्राइव म्हणजे काय, आणि आपल्या गाडीच्या गिअरचा हिशोब घरीच कसा लावायचा

मित्राची जुनी फोर-स्पीड ऑटोमॅटिक घेऊन एकदा शिवमडक्यावरून समृद्धीवर चढलो, कारंजा लाडला लग्न होतं. 100 वर गाडी नुसती बोंबलून राहिली होती, आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती चक्करा मारतं त्याचा) काटा साडेतीन हजाराच्या आसपास, आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा, 'ओ/डी ऑफ'. मला वाटलं काहीतरी ऑफ आहे म्हणजे बरंच आहे, ऑन नसल्यावर काय प्रॉब्लेम. पोचल्यावर मित्राला फोन केला तं तो म्हणे, "अबे लिव्हरच्या बाजूचं बटन दाबल्या गेलं असन तुझ्याकडून, ओव्हरड्राइव बंद करून चालवली का तू एवढी?" पेट्रोल किती गेलं ते घरी सांगितलं नाही.

तर आधी गैरसमज काढू. ओव्हरड्राइव हे नाव ऐकून वाटतं की गाडीत कुठंतरी जास्तीची ताकद दडवून ठेवली आहे आणि बटन दाबलं की गाडी उडते. एकदम उलट आहे. त्या गिअरमध्ये चाकाला ताकद सगळ्यात कमी मिळते, पण इंजिन निवांत चालतं, एवढाच त्याचा धंदा.

हे समजायला गाडी नाही, सायकल घ्या, जुनी काळी, बिनगिअरची. उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवा आणि पायडल हाताने हळूहळू एक पूर्ण चक्कर फिरवा. समजा पुढच्या चक्राला 44 दाते आहेत आणि मागच्याला 18, तर व्हॉल्व्ह दोनदा पूर्ण फिरून येईल आणि वर जवळपास अर्धी चक्कर आणखी मारेल, कारण 44 भागिले 18 म्हणजे 2.44. पाय एकदा फिरला, चाक अडीच वेळा. म्हणजे आपली साधी सायकल कायमच ओव्हरड्राइवमध्ये असते बाप्पा, म्हणून वर्धा रोडवर मस्त पळते आणि रामटेकच्या गडावर चढवताना उतरून ढकलावी लागते.

गाडीत गिअरचा आकडा उलटा लिहितात, म्हणजे आउटपुटची (गिअरबॉक्समधून बाहेर निघणाऱ्या शाफ्टची) एक चक्कर व्हायला इंजिन किती चक्करा मारतं तो आकडा. पहिला गिअर साधारण साडेतीन, म्हणजे इंजिन साडेतीनदा फिरतं तेव्हा पुढचा शाफ्ट एकदा, वेग मेला पण ताकद साडेतीन पट. मग दुसरा दोनच्या आसपास, तिसरा सव्वा-दीड, असं उतरत जातं. आकडा 1 झाला की इंजिन आणि आउटपुट सारखंच फिरतं. अॅम्बेसेडरच्या जुन्या चार-गिअरवाल्या गाड्यांत टॉप हाच होता, त्याला डायरेक्ट म्हणतात. आणि आकडा 1 च्या खाली गेला, 0.8, 0.75 असा, की तो ओव्हरड्राइव. बस, दुसरं काही नाही. आजकालच्या पाच-गिअरवाल्या गाड्यांत पाचवा बहुतेक असाच असतो, सहावाल्यांत पाचवा आणि सहावा दोन्ही असू शकतात, वेगळं बटन लागत नाही, टॉप टाकला की तुम्ही ओव्हरड्राइवमध्येच आहात.

गिअरबॉक्सनंतर चक्करांची आणखी एक कपात असते, फायनल ड्राइव, ट्रकवाले ज्याला क्राउन-पिनियन म्हणतात. तो आकडा 4 च्या आसपास आणि सगळ्या गिअरला सारखाच लागतो.

आता हिशोब. टायरवर लिहिलेलं असतं, समजा 185/65 आर15. 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिलिमीटर, ही टायरची भिंत, वर-खाली दोन धरून 240, आणि 15 इंची रिम म्हणजे 381, मिळून 621. गुणिले 3.14, म्हणजे चाकाच्या एका चक्करीत गाडी अंदाजे 1.95 मीटर जाते (वजनाने टायर थोडा दबतो, ते सोडून द्या). ताशी 100 किलोमीटर म्हणजे मिनिटाला 1667 मीटर, भागिले 1.95, चाकाच्या 855 चक्करा. गुणिले फायनल ड्राइव 4, झाले 3420. डायरेक्ट गिअरमध्ये इंजिन एवढं फिरणार. 0.75 चा ओव्हरड्राइव असला तर 2565. एकाच स्पीडला मिनिटाला साडेआठशे चक्करा वाचल्या, आणि समृद्धीच्या 701 किलोमीटरवर मिनिटं किती होतात ते तुम्हीच पाहा. आवाज कमी, आतलं घर्षण कमी, पेट्रोल कमी. माझा 'ओ/डी ऑफ'चा साडेतीन हजाराचा काटा इथंच सापडला, बॉक्स तिसऱ्यात, म्हणजे त्या फोर-स्पीड ऑटोमॅटिकच्या डायरेक्टमध्ये, अडकून बसला होता.

पण हाच फायदा गावात तोटा होतो. आपलं नागपूर सपाट, त्यामुळे इथं लोकांना 40 वरच टॉप मारायची सवय, मायलेज मिळतं म्हणे. वरच्याच गाडीत 40 ला पाचव्यात हिशोब लावा, आरपीएम येतो 1026. तेवढ्यात समोर उड्डाणपुलाचा चढ आला आणि तुम्ही अॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते, घुर्र-घुर्र करते, नॉक मारते (इंजिन आतून ठकठकतं), पण उचलत नाही. तिथं तिसरा टाका. तिसरा 1.3 असला तर 0.75 च्या मानाने चाकाला पावणेदोन पटीच्या जवळ जोर मिळतो, आणि इंजिन पावणेदोन हजारावर येऊन सुखात चालतं. चढ, ओव्हरटेक, घाट उतरणं, या तिन्ही वेळी टॉप सोडायचा. उतारावर तर खासच, कारण टॉपमध्ये इंजिन गाडीला फारसं अडवत नाही, जवळपास सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. काटोल रोडवर संत्र्याच्या ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर कमी करा, मग बाहेर निघा, अर्ध्यात गेल्यावर नाही.

बटनवाल्या ऑटोमॅटिकला पण हेच. चढावर, किंवा बॉक्स सारखा तिसरा-चौथा करत हडबडला तर बटन दाबून ओव्हरड्राइव बंद करा, तेव्हा दिवा लागेल. सपाट रस्ता आला की परत दाबा, दिवा विझला म्हणजे ओव्हरड्राइव चालू. दिवा विझलेला म्हणजे चालू, हे ज्याने डिझाइन केलं त्याला माझा नमस्कार.

फायनल ड्राइव माहीत नसला तरी एक जुगाड आहे. मॅन्युअल गाडी घ्या, रिकाम्या रस्त्यावर बाजूच्याला काटा वाचायला बसवा. चौथ्यात 60 स्थिर ठेवून आरपीएम लिहा, मग पाचव्यात 60 लाच. समजा 2050 आणि 1540 आले, भागाकार 0.75, म्हणजे पाचवा चौथ्याच्या पाऊण आहे. फायनल ड्राइव आणि टायर दोन्हीकडे सारखेच असल्याने कटून जातात, स्पीडोमीटर थोडं वाढवून दाखवत असेल तर तेही कटतं.

आणि हा कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवून द्या. गिअरचे दाते स्वतःहून बदलत नाहीत, तेव्हा वर्षभराने त्याच टायरवर, टॉपमध्ये, त्याच स्पीडला काटा 200-300 ने वर दिसला, किंवा अॅक्सिलरेटर दाबल्यावर काटा उडतो आणि गाडी मागेच राहते, तर क्लच प्लेट घसरून राहिली आहे. मेकॅनिककडे जाऊन "गाडीत पिकअप नाही" एवढंच सांगाल तर तो प्लगपासून सुरू करेल, दोन्ही आकडे दाखवाल तर सरळ क्लच पाहील.