बोअर, भाव आणि माणूस: निर्णय घेताना स्वतःच्या पूर्वग्रहाला आवर कसा घालावा

मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबापुढे जे मोठे निर्णय येतात, त्यांत नवा बोअर घ्यावा की नाही, घरात ठेवलेले सोयाबीन आज विकावे की थांबावे आणि एखाद्या कामासाठी कोणाला निवडावे, हे तीन वारंवार येतात. या तिन्ही वेळी आपण सगळी बाजू पाहून ठरवले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मन आधीच एका बाजूला झुकलेले असते आणि त्या बाजूचेच पुरावे गोळा करत असते. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की, दुसऱ्याचा पूर्वग्रह माणसाला चटकन दिसतो, स्वतःचा मात्र त्या मानाने फार कमी जाणवतो. त्यामुळे ‘मी निःपक्षपातीपणे विचार करीन’ हा निश्चय कितीही प्रामाणिक असला तरी पुरेसा ठरत नाही. निकाल हाती येण्याआधी, डोके थंड असताना, वहीत काही गोष्टी लिहून स्वतःला बांधून घेणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

बोअरपासून सुरुवात करावी, कारण त्यात पैसा एका रात्रीत जातो. ‘या शिवारात पाणी आहे’ हे मत बहुधा रस्त्यावरून दिसणाऱ्या हिरव्या रानावरून बनलेले असते. ज्याचा बोअर लागला त्याचा ऊस दिसतो. ज्याचा कोरडा गेला त्याने तोंडावर दगड ठेवून ती जागा पुन्हा पेरलेली असते आणि त्याबद्दल तो चारचौघांत बोलत नाही. म्हणून पहिले काम असे की, आपल्या रानाच्या आसपासच्या एक किलोमीटर परिसरातील सगळ्या बोअरची यादी करावी, आणि कोरडे गेलेले मुद्दाम विचारून तीत घालावेत. प्रत्येकापुढे साल, खोली, किती इंच पाणी लागले आणि ते एप्रिल-मे महिन्यांत टिकले का, हे लिहावे. यादी पुरी झाल्यावर, इतक्यांपैकी किती बोअर आज उन्हाळ्यात चालतात, हा एकच आकडा वर ठळक लिहून ठेवावा. आपल्या बोअरविषयीचा अंदाज तिथून सुरू व्हावा.

दुसरे काम पाणाड्याचे, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते दाखवणाऱ्याचे. तळहातावर नारळ उभा राहिला किंवा दुबेळकी फांदी वळली की जागा ठरते, आणि ‘त्यांनी दाखवलेल्या जागी हमखास पाणी लागते’ असे गावात सांगितले जाते. येथे आपण फक्त जुळलेल्या गोष्टी मोजत असतो. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम ओळखायला सांगितला. बहुतेकांनी ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’ असे मनाशी धरले आणि ८, १०, १२ यांसारखी त्यालाच दुजोरा देणारी उदाहरणे तपासत राहिले. खरा नियम केवळ ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’ इतकाच होता. आपले म्हणणे खोटे पडेल असे उदाहरण मुद्दाम शोधावे, असे फार थोड्यांना सुचले. पाणाड्याच्या बाबतीत ते शोधणे सोपे आहे: त्याने दाखवलेल्या कोरड्या गेलेल्या जागा कोणत्या, हे विचारावे. जर्मनीतील कासेल येथे १९९० मध्ये जमिनीखालच्या नळातून पाणी वाहते आहे की नाही हे ओळखण्याची चाचणी अशा जाणकारांनी आपणहून मान्य करून दिली होती. त्यांचे निकाल नाणेफेकीपेक्षा सरस निघाले नाहीत. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यात पाणी प्रामुख्याने झिजलेल्या थरांत आणि भेगांत असते, आणि खोल जाऊ तशा भेगा साधारणपणे कमी होत जातात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची कार्यालये जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत, तिथे आधी विचारावे. त्यांचाही अंदाज चुकू शकतो, पण त्यांना ‘असे का?’ हे विचारता येते.

तिसरे काम सर्वांत अवघड आहे, आणि ते बोअर मारणारी गाडी रानात येण्याआधीच करावे लागते: थांबण्याची खोली ठरवणे. रात्री उजेड लावून गाडी चालू असते, तोंडातून कोरडा पांढुरका फुफाटा उडत असतो, घरचे बांधावर उभे असतात आणि ठरलेली खोली गाठली तरी ओल दिसत नाही. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, ‘दगड बदललाय, अजून पन्नास फूट मारू.’ त्या क्षणी मनात हिशेब चालतो तो आतापर्यंत गेलेल्या पैशांचा, आणि तो वाया जाऊ नये म्हणून आणखी पैसा घातला जातो. शिवाय खोली वाढते तसा फुटाचा दरही वाढतो. गेलेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. विचारायचा प्रश्न असा: याच जागेवर कोणी इतका खोल कोरडा खड्डा फुकट पाडून दिला असता, तर पुढच्या पन्नास फुटांसाठी मी आज पैसे काढले असते का? या प्रश्नाचे उत्तर बांधावर उभे राहून नीट देता येत नाही. म्हणून वहीत ‘इतक्या फुटांवर थांबायचे’ असे लिहून, त्याखाली घरातील कारभारणीची किंवा थोरल्या भावाची सही घ्यावी आणि गाडी थांबवण्याचा अधिकार त्याच व्यक्तीला द्यावा. पैसे मोजणारा आणि थांबवणारा माणूस वेगळा असला की निम्मे काम होते.

बोअरची घाई कधी होते हेही पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ती आठवण ज्याच्या मनात ताजी आहे त्याला प्रत्येक उन्हाळा तसाच वाटतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत रान वाहून गेलेल्याला पाण्याची चिंताच उरत नाही. दोघांनीही आपल्या तालुक्याच्या किमान वीस वर्षांच्या पावसाचे आकडे समोर ठेवूनच ठरवावे.

सोयाबीनच्या बाबतीत मनात रुतलेला आकडा घात करतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगात लोकांसमोर चक्र फिरवून १० किंवा ६५ हा आकडा आणला आणि नंतर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के आहे ते विचारले. १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा त्या प्रश्नाशी काहीही संबंध नव्हता. लातूरच्या बाजारात २०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास सोयाबीनने क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता, तेव्हा २०२१-२२ च्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव होता ३,९५० रुपये. तो दहा हजारांचा आकडा नंतर कित्येकांच्या मनातून गेला नाही, आणि त्याहून कमी मिळणारा प्रत्येक भाव नुकसान वाटू लागला. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ असताना बाजारभाव त्याच्याही खाली होता. सरकारी खरेदीतील अडचणी आणि आयातीचे धोरण यांवर शेतकऱ्याचा राग रास्तच आहे. पण पोते विकायचे की ठेवायचे हे त्या रागावर ठरवू नये. स्वतःला विचारावे: आज घरात सोयाबीन नसते आणि तेवढीच रोकड हातात असती, तर ते आजच्या भावाने विकत घेऊन मी साठवले असते का? उत्तर नाही असेल, तर साठवणूक केवळ सवयीने चालली आहे. थांबायचेच असेल तर खताच्या उधारीचे व्याज, वजनातील घट आणि विकण्याची शेवटची तारीख आधीच लिहून ठेवावी, आणि माल तीन-चार वेळा विभागून काढावा.

माणसांच्या बाबतीत आपल्याकडे आडनाव हाच पहिला आकडा असतो. आडनाव कळले की जात कळली, जात कळली की अर्जदाराच्या उत्तरांचा अर्थही बदलतो. हा अन्याय निवडणाऱ्याला जाणवतही नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. संस्थेत, बचत गटात किंवा शाळेत निवड करताना निकष आणि त्यांचे गुण अर्ज उघडण्याआधी ठरवावेत, लेखी उत्तरांवरील नाव झाकून क्रमांक द्यावा, प्रत्येक सदस्याने आपले गुण चर्चेआधी स्वतंत्र कागदावर लिहावेत आणि सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने, मग ते सरपंच असोत की मुख्याध्यापक, शेवटी बोलावे. सुरुवातीलाच ‘आप्पा म्हणतात ते बरोबर’ असे झाले की पुढची मते उरत नाहीत.

वही दिवाळीनंतर एकदा आणि मृगाआधी एकदा उघडावी. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दाखवले की निकाल कळल्यावर ‘हे होणारच होते’ असे माणसाला वाटू लागते. लिहिलेली ओळ समोर असली की तसे म्हणता येत नाही. पडताळताना दोन रकाने वेगळे ठेवावेत: एकात तेव्हाच्या माहितीवर निर्णय योग्य होता का, आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष काय झाले. नीट यादी करून घेतलेला बोअरही एखादा कोरडा जातो, आणि नारळावर घेतलेल्यालाही कधी दोन इंच पाणी लागते. म्हणून पहिला रकाना आधी भरावा आणि दुसरा नंतर.