कानबाईच्या आधी मिक्सरचे फेडर साफ करायचेत, मग आधी एवढं जमवून ठेवा

आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) लग्नं आटोपली, आषाढात मांडव उतरले की आपल्या खानदेशातल्या साऊंडवाल्याला जरा मोकळे दिवस मिळतात, नंतर नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा सण आला की पोळा, गणपती असं परत सुरूच. फेडरचं, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांचं, काम याच मधल्या दिवसात करा भो, प्रोग्रामच्या आदल्या रात्री नको. अख्खा दिवस धरा, आणि पाऊस उघडलेला असेल असाच दिवस बघा.

खोलायच्या आधी खुणा करून घ्या. मिक्सर चालू करा, हेडफोन लावा, एकेका चॅनलवर एकसारखा टोन सोडून फेडर खालून वर सावकाश न्या आणि फेडरजवळच्या पट्टीवर पेनाने लिहा, खरखरतो त्याला ख, मधेच आवाज उडतो त्याला उ, हाताला जड लागतो त्याला ज. तिन्हीची औषधं वेगळी आहेत म्हणून हे लिहायचं. खरखर म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅकवरची (फेडर आत ज्या पट्ट्यावर घासत सरकतो त्यावरची) घाण, जड म्हणजे आतल्या दांड्यांवरचं ग्रीस वाळलंय, आणि साफ करूनही ठरावीक जागीच आवाज जात असेल तर कार्बनचा ट्रॅक झिजलाय, तिथे फेडर बदलणे हाच उपाय, त्यामुळे जुन्यावरची व्हॅल्यू (10 के, 20 के जे असेल ते), मागचं अक्षर (ए, बी असं) आणि लांबी 60 एमएम का 100 एमएम हे वाचून दोनचार नवे आधीच मागवून ठेवा. अजून एक, साफ केल्यावरही खालपासून वरपर्यंत सगळीकडे सारखीच खरखर राहिली तर कधी कधी दोष फेडरचा नसतो, फेडरच्या आधी डीसी करंट अडवायला बसवलेला कपलिंग कॅपॅसिटर लीक होऊन फेडरवर तो डीसी येत असतो. तिथे कितीही स्प्रे मारा, काही होत नाही.

आता सामान. मऊ ब्रश, हवेचा ब्लोअर, लिंट न सोडणारं कापड, इअरबड, 99 टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मल्टिमीटर, स्क्रू ठेवायला खाचांची ट्रे (आमच्याकडे मसाल्याचा जुना डबाच आहे), आणि मेन म्हणजे फेडरसाठीचाच स्प्रे. डीऑक्सइटचा घेणार असाल तर डी-5 वेगळा आणि एफ-5 फेडरल्यूब वेगळा, डी धातूच्या कॉन्टॅक्टसाठी, एफ कार्बन आणि कंडक्टिव्ह प्लास्टिकच्या ट्रॅकसाठी, फेडरला एफ. दांड्यांसाठी पातळ ग्रीस थोडंसं, तेही ट्रॅकला लागू न देता. हा स्प्रेचा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, त्यावर 50 डिग्रीच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्या भुसावळ-जळगावात बंद टेम्पो तेवढा सहज तापतो.

गंज सोडवायचा, गेटच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे मात्र हात लावायचा नाही. मी एकदा लग्नाच्या दिवशी घाईत वरच्या फटीतून तोच मारला, संध्याकाळभर फेडर लोण्यासारखा चालला, आणि पंधरा दिवसांनी सप्ताहात कीर्तनकार बुवांचा आवाज मधेच गेला. खोलून बघितलं तर त्या तेलात गेल्या वर्षीचा गुलाल, काळ्या मातीची धूळ आणि कपाशीचे बारीक तंतू मिळून गुलाबी चिखल झालेला, वायपरची (ट्रॅकवर घासत सरकणारी) बोटं त्यातच रुतलेली. बुवा काही बोलले नाहीत पण मला ते फार लागलं. म्हणून सांगतो, धूळ आत असताना वरून काहीही मारायचं नाही, आधी ब्रश, मग ब्लोअर, आणि स्प्रे सगळ्यात शेवटी.

खोलताना प्लग काढा, फॅंटम (मिक्सरमधून माइकला जाणारी पॉवर) बंद करा आणि तासभर थांबा, पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, त्या भागाला हात घालूच नका. प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो, रिबन केबल कुठून कुठे गेली ते दिसेल असा. नॉब सरळ वर ओढा, वाकडं करून नाही. जवळ अगरबत्ती, बिडी काही नको, आयपीए पेट घेतं, खिडक्या उघड्या ठेवा.

स्प्रे एका फेडरला अर्ध्या सेकंदाचा एक फवारा, नळी लावून, मग खालपासून वरपर्यंत वीस-तीस वेळा सरकवा, आलेली घाण कापडाने टिपा, गरज वाटली तरच दुसरा. आयपीए वापरलं तर ट्रॅकवरचं वंगणही धुतलं जातं, म्हणून त्यानंतर ल्यूब लागतंच, नाहीतर फेडर चालेल पण लवकर झिजेल. डिजिटल मिक्सरचे मोटरवाले फेडर यात धरू नका, त्यांची पद्धत सर्व्हिस मॅन्युअल बघूनच.

वाळायला तासभर द्या, घाईत करंट देऊ नका. मग जोडून परत तोच टोन, तीच पट्टी, आणि ख, उ, ज एकेक करून खोडत जा.