सिगार साठवताना सेलोफेन ठेवायचा का काढायचा? कोल्हापूरच्या हवेत जमेल असं

सिगार आणली की पहिला प्रश्न हाच पडतोय, वरचं ते पारदर्शक सेलोफेनचं कव्हर काढायचं का तसंच राहू द्यायचं. नेटवर बघाल तर दोन्हीकडनं लोक हिरीरीनं भांडतात, पण ती सगळी मंडळी बाहेरच्या देशातली, त्यांच्या घरात बारा महिने एसी नाहीतर हीटर. आपल्या इथं मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापलेली आणि जुलैत भिंतीला ओल, मिठाची बरणी पाझरायला लागलेली, त्यामुळं उत्तरही जरा आपलं आपण काढायला लागतंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, घाईवाल्यांनी इथनंच परत फिरलं तरी चालेल. डबा पक्का असेल तर सेलोफेन ठेवला काय नि काढला काय, सिगार टिकते, आणि डबा गळका असेल तर सेलोफेन तिला वाचवत नाही. (सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या पानालाही रॅपरच म्हणतात, ते काढायचं नसतंय. हसू नका, विचारणारे विचारतात.)

म्हणून आधी डब्याचं बघू. लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ठेवायची खास पेटी, दिसायला लई भारी, विशेषतः ते वर काच असलेले, पण स्वस्तातल्या बहुतेकांचं झाकण नीट बसत नाही आणि आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगून अजूनच बोंब होते. त्यापेक्षा चारी बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणाला सिलिकॉनची रिंग असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या, कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळतो. डबा घरी आणला की साबणानं धुवायचा, पुसायचा आणि प्लॅस्टिकचा वास पूर्ण जाईपर्यंत दोन-चार दिवस झाकण उघडं टाकून ठेवायचा. मग झाकणात कागदाची पट्टी अडकवून बंद करायचं आणि पट्टी ओढून बघायची, चारी बाजूंना. जिथं पट्टी सहज सुटून येते तिथनं हवा जाणार हे नक्की. आत ठेवायला स्पॅनिश सीडर लाकडाचे पातळ पत्रे मिळाले तर उत्तम, सिगारच्या रिकाम्या पेट्या मोडून पण ते निघतात, दुकानदाराकडं मागून बघा. हे नावाला सीडर, पण झाड महोगनीच्या कुळातलं. त्यामुळं वखारीतनं देवदाराचा तुकडा आणून आत टाकायचा उद्योग करू नका, त्याच्या राळेचा वास सिगारमध्ये असा उतरतो की परत निघत नाही.

ओलाव्यासाठी दोन्हीकडनं काम करणारे पॅक मिळतात, बोवेडा वगैरे, म्हणजे हवा कोरडी असली की ते ओलावा सोडतात आणि जास्त झाला की शोषून घेतात. आपल्याला हेच पाहिजे, कारण आपल्याकडं दोन्ही टोकं आहेत. नुसता ओला स्पंज किंवा जेलवाली डबी फक्त ओलावा सोडते, पावसाळ्यात ती आत असली म्हणजे दुखण्याला आमंत्रण. आणि बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकायची आयडिया पण नको, ती आतली हवा पार कोरडी करून सोडते. पॅक किती टक्के ओलावा राखणार त्याचा आकडा त्याच्यावर असतो, ६२, ६५, ६९, ७२ असा. जुन्या पुस्तकी हिशोबात ७० टक्के ओलावा आणि २१ डिग्री तापमान असं सांगतात, पण ते थंड घराचं गणित आहे. आपल्याकडं घरातलं तापमान वर्षातले कित्येक महिने २५ च्या वर असतंय आणि उष्ण अधिक दमट म्हणजे बुरशी आणि किडा दोघांचीही चंगळ, म्हणून मी ६५ सांगतो आणि लांबच्या मुदतीला ठेवायच्या असतील तर ६२ पण चालतंय. साठ ग्रॅमचा एक पॅक साधारण पंचवीस सिगारच्या जागेला पुरतो. एक जादा टाकला तरी बिघडत नाही, उलट टिकतो जास्त.

आत एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे ओलावा मोजायचा मीटर, ठेवायचा, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, स्वस्तातला असेल तर चार-पाच टक्के इकडंतिकडं दाखवतोच. तपासायची युक्ती सोपी आहे. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी टाकायचं, मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे पण विरघळून पाणी व्हायला नको. ते बूच आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी आकडा ७५ यायला पाहिजे कारण बंद जागेत ओलं मीठ हवा ७५ टक्क्यांवरच आणून ठेवतंय. ७१ दाखवला तर तुमचा मीटर चार कमी दाखवतो, डब्यावर चिकटपट्टीनं तसं लिहून टाका आणि विषय संपवा.

आता किड्याचं, आणि हे नीट वाचा, कारण बाकी सगळं दुरुस्त होतंय हे होत नाही. तंबाखूचा एक बारीक तपकिरी भुंगा असतो, लॅसिओडर्मा, त्याची अंडी पानातनंच आलेली असू शकतात. थंडीत ती गप्प पडून असतात, तापमान २४-२५ च्या वर गेलं आणि सोबत दमटपणा असला की आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात आणि अळी आतनं सिगार पोखरत जाते. कोल्हापुरात २४ च्या वर म्हणजे जवळजवळ रोजच! सिगारला टाचणीनं पाडल्यासारखं गोल भोक आणि खाली भुकटी दिसली की समजायचं कार्यक्रम झाला. सेलोफेनचा इथं थोडा उपयोग होतो, एका सिगारमधनं निघालेला किडा दुसरीत जायला वेळ लागतो, भोक पडलेली सिगार पटकन ओळखता येते. पण थोडाच, कारण तो पठ्ठ्या सेलोफेन पण कुरतडून बाहेर पडतो.

आणि आपल्या घरांतली खास भानगड म्हणजे हाच किडा हळदीत, मिरचीत, धन्यात पण पडतो. वर्षाची बेगमी म्हणून सांगलीची हळद, बेडगीची पोती, डंकावर कुटून आणलेला मसाला जिथं ठेवता त्याच फडताळात सिगारचा डबा ठेवला तर दोघांनीही एकमेकांची काळजी करावी. वासाचं तर वेगळंच. घरात कांदा-लसूण मसाला करायचं काम सुरू असलं की गल्लीतल्या माणसालाही शिंका येतात, तिथं सिगार काय वाचणार, तंबाखूचं पान वास ओढून घेण्यात एक नंबर. सेलोफेन वास पूर्ण अडवत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या, देवघरातली उदबत्ती, अत्तराची बाटली, सगळ्यांपासनं लांब ठेवायचं.

किड्यावर उपाय फ्रीजर. नवीन आणलेला माल डब्यात टाकायच्या आधी सेलोफेनसकट दोन झिपलॉक पिशव्यांत, हवा काढून, फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस. घरचा फ्रीजर साधारण उणे १८ पर्यंत जातो, तो पुरतो, फक्त लाइट वारंवार जात असेल तर दिवस वाढवा. नंतर पिशवी न उघडता खाली फ्रीजमध्ये एक दिवस आणि मग बाहेर खोलीत एक दिवस, तशीच बंद. थेट बाहेर काढून पिशवी उघडली तर गार सिगारवर पाण्याचे थेंब धरतात आणि पान तडकतं. या पायरीला सेलोफेन अजिबात काढू नका, सिगार एकमेकांवर घासत नाहीत आणि फ्रीजरमधल्या सुरमईचा वास पण कमी लागतो. फ्रीजर झाला म्हणून साठवायला फ्रीजच वापरायचा हे मात्र नको, फ्रीजची हवा कोरडी असते.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. खरा सेलोफेन लाकडाच्या लगद्यापासनं बनतो, प्लॅस्टिक नव्हे, आणि त्यातनं ओलावा हळूहळू आतबाहेर होतो. म्हणजे सेलोफेनमधली सिगार गुदमरते वगैरे काही नाही, ती पण पिकते, फक्त सावकाश. बरीच जुनी सिगार असली की सेलोफेन पिवळा आणि मग चहासारखा तपकिरी पडतो, ते तंबाखूचं तेल, ती जुनी असल्याची खूण. काही स्वस्त सिगारवर मात्र साधं प्लॅस्टिक असतंय. शंका असेल तर काढलेल्या कव्हरचा तुकडा लांब नेऊन जाळून बघा, सेलोफेन कागदासारखा जळतो, प्लॅस्टिक वितळून गोळा होतंय. प्लॅस्टिक निघालं तर विचार न करता काढून टाका.

काढायचा कधी? एकाच जातीच्या सिगार, एकच पेटी, वर्ष दोन वर्षं ठेवायच्यात आणि रोज उघडून बघायची सवय नाही, तर काढा. सगळ्या एकमेकींच्या वासात आणि सीडरच्या वासात सावकाश मुरतात, अढीतल्या आंब्यासारख्या. क्युबाच्या हातानं वळलेल्या सिगार पेटीत बहुतेक उघड्याच येतात, त्या तशाच राहू द्या. ठेवायचा कधी? डब्यात निकाराग्वाची एक, डॉमिनिकनची दोन, कुणी दुबईवरनं आणलेली एक, अशी सगळी भेळ असेल तर ठेवा, नाहीतर वर्षभरानं सगळ्यांची चव एकच लागते. फ्लेवरवाली कॉफी-व्हॅनिला सिगार असेल तर ती बाकीच्यांच्या डब्यात नकोच, सेलोफेन असला तरी नको. मित्र आले की डबा काढून दाखवायची हौस असेल तरी ठेवा, बोटांनी पान फाटतं, आणि प्रवासात तर ठेवाच. मधला मार्ग म्हणून कव्हरची दुमडलेली बाजू नुसती उघडायची आणि सिगार आतच ठेवायची, मला हे सगळ्यात पटतंय. ॲल्युमिनियमच्या नळीत आलेली असेल तर झाकण सैल करा, घट्ट बंद नळीत हवा खेळत नाही.

मुरवायचं म्हणजे काय तर पानं आंबवून झाली तरी त्यातली क्रिया मंद चालूच राहते. नवीन सिगारला कधी कधी अमोनियाचा, गोठ्यासारखा वास येतो, तो काही महिन्यांत उडून जातो. मग कडवटपणा निवतो, धार कमी होते. पण कडक तंबाखूची सिगार जास्त वर्षं धरते, हलकी असली तर दोन-तीन वर्षांत चव पातळ होते, त्यामुळं सगळंच म्हातारं करण्यात अर्थ नाही. क्युबन पेटीच्या तळाला पॅकिंगचा महिना-वर्ष शिक्क्यात असतंय, ते बघा. सुट्ट्या सिगारच्या सेलोफेनवर बारीक स्टिकर लावून आणल्याची तारीख लिहा. कव्हर काढलं तर ही सोय जाते, मग सीडरच्या पत्र्यावर पेन्सिलीनं लिहायचं.

जागा घराच्या मधल्या भिंतीचं खालचं फडताळ, पश्चिमेची भिंत नको, माळा तर मुळीच नको. उन्हाळ्यात डबा पिकनिकच्या आइसबॉक्समध्ये ठेवला तर दुपारची झळ पोचत नाही, बर्फ टाकायचा नाही हं, नुसता बंद ठेवायचा. पावसाळ्यात डबा शक्यतो उघडायचाच नाही, बाहेर हवेत ८५-९० टक्के ओलावा असताना दहा मिनिटं झाकण उघडं राहिलं तरी पॅकला ते सगळं शोषत बसायला लागतंय. पॅक टम्म फुगलेला दिसला की बदला, उन्हाळ्यात कडक खडा झाला तरी बदला. पांढरं केसाळ काही दिसलं, आणि विशेषतः कापायच्या नाहीतर पेटवायच्या टोकाला दिसलं, तर ती बुरशी, सिगार फेका. लोक त्याला प्लूम, म्हणजे सिगार छान मुरल्याची खूण, म्हणून कौतुक करतात, मी तरी त्या भानगडीत पडत नाही. शेजारच्या सिगार कोरड्या कापडानं पुसून वेगळ्या डब्यात ठेवायच्या आणि मूळ डबा धुऊन वाळवायचा.

बाहेरनं आणवताना एक लक्षात ठेवा, प्रवाशाला ड्यूटीशिवाय ठरावीक सिगारच आणता येतात, त्यामुळं मित्राला पेट्या आणायला लावून विमानतळावर अडकवू नका.

शेवटची पायरी ओढायच्या आधीची. सेलोफेन कात्रीनं उघडायचा, ओढून खेचायचा नाही, लांबच्या साठवणीत पान कधी कधी आतनं चिकटलेलं असतंय. डिसेंबर-जानेवारीत सिगार एक दिवस नुसती बाहेर ठेवली तरी जादा ओलावा उडून ती नीट जळते. पण जुलैत तसं केलं तर उलटी अजून भिजते आणि दर दोन मिनिटांनी विझते, आपल्याकडं म्हणायचं जाळ आणि धूर संगटच, इथं नुसताच धूर. त्या दिवसांत छोट्या डब्यात ६२ चा पॅक टाकायचा, सिगार कव्हर काढून तीन-चार दिवस त्यात ठेवायची, आणि मग कापायची.