कॅमेऱ्यासाठी आयआर दिवा: घरी बनवा नाहीतर विकत आणा, पण या चुका टाळा

घराबाहेरच्या पाळत कॅमेऱ्याला रात्री दिसावं म्हणून आयआर दिवा लावतात; आयआर म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा, पण कॅमेऱ्याला दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. माझा पहिला घरगुती आयआर दिवा ४८ एलईडींचा होता. झिरो पीसीबीवर (सोल्डरिंगसाठी भोकं असलेल्या पट्टीवर) एकामागून एक जोडलेल्या आठ-आठच्या सहा रांगा, प्रत्येक रांगेला करंट आवरणारा एक रेझिस्टर आणि ड्रॉवरमध्ये पडून असलेला १२ व्होल्टचा जुना ॲडॅप्टर. टेबलावर चालू केला, मोबाइलमधून पाहिला, तर असा झगमगला की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तीन आठवड्यांत दोन रांगा मेल्या आणि बाकीच्या मंद झाल्या. मग वैतागून विकतचा आणला. त्याने शेजारची भिंत पांढरीफटक केली आणि फाटकाशी उभा असलेला माणूस आधीपेक्षाही काळा दिसू लागला. दोन्ही वेळा चूक माझीच होती, फक्त वेगवेगळी.

दिवा आणण्याआधी कॅमेरा न तपासणं

रात्रीचं चित्र काळं दिसतं म्हणजे प्रकाशच कमी आहे, असं आपण धरून चालतो. पण दिवसा रंग नीट दिसावेत म्हणून कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे आयआर अडवणारी एक काचेची फिल्टर असते. अंधार पडला की ती बाजूला सरकते, कान देऊन ऐकलं तर बारीक 'टिक' असा आवाजही येतो. ही फिल्टर अडकली, किंवा सेटिंगमध्ये कॅमेरा कायमचा 'डे' मोडवर राहिला, तर कितीही मोठा दिवा लावा, उजेड फिल्टरवरच अडणार.

तपासायला टीव्हीचा रिमोट पुरतो. अंधारात तो कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर लख्ख ठिपका लुकलुकला तर कॅमेऱ्याची रात्रीची नजर ठीक आहे. ठिपका जेमतेम दिसला तर आधी डे-नाइटची सेटिंग बघा.

आणि काच पुसा. हसू नका. वर्षभराची धूळ आणि बोटांचे ठसे दिवसा दिसत नाहीत, पण रात्री कॅमेऱ्याच्याच एलईडींचा उजेड त्यावर पसरतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. निम्म्या तक्रारी ओल्या मऊ फडक्याने मिटतात, असं माझं मत आहे.

'अदृश्य' म्हणून ९४० घेणं

बाजारात प्रकाशाच्या तरंगलांबीनुसार दोन प्रकार जास्त चालतात: ८५० नॅनोमीटर आणि ९४० नॅनोमीटर. ८५०च्या एलईडीकडे अंधारात थेट पाहिलं तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखी फिकट लाली दिसते. ९४० डोळ्यांना अजिबात दिसत नाही. म्हणून बरेच जण ९४० घेतात आणि मग चित्र अंधारं येतं म्हणून कुरकुरतात. कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो, आणि तरंगलांबी वाढत गेली की त्याची नजर मंदावते. ९४०ला तो ८५०च्या निम्म्यानेही प्रतिसाद देत नाही, असं बऱ्याचदा आढळतं. तेवढंच चित्र हवं तर दिवा दुपटीहून मोठा लागणार.

दिवा दिसून चालणारच नसेल आणि अंतर चार-पाच मीटरच असेल तर ९४० ठीक. बाकी सगळीकडे ८५०. सुटे एलईडी घेताना पुड्यावर काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा अंधारात थोडं लांबून लाली दिसते का ते पाहून ओळखा. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून एलईडी फेकून देऊ नका. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा कडक फिल्टर असते, सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा.

रांगेत जास्तीत जास्त एलईडी कोंबणं

माझ्या ४८ एलईडींचा बळी इथे गेला, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

८५०चा साधा ५ मिलिमीटरचा एलईडी साधारण १.४ व्होल्ट घेतो. मी हिशेब केला: आठ एलईडी म्हणजे ११.२ व्होल्ट, उरले ०.८. ५० मिलिअँपिअर हवेत तर १६ ओहमचा रेझिस्टर. कागदावर चोख. वीज वाया जात नाही म्हणून मी खूषसुद्धा होतो.

नंतर ॲडॅप्टर मल्टिमीटरने मोजला. १२ लिहिलेला तो गडी १२.६ देत होता. म्हणजे रेझिस्टरवर ०.८ऐवजी १.४ व्होल्ट, आणि करंट ५०वरून थेट ८७ मिलिअँपिअर. त्यात एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो. प्रत्येकी नुसता ०.०५ व्होल्ट उतरला तरी आठांचे मिळून ०.४ झाले, ते पुन्हा रेझिस्टरच्या वाट्याला. आता करंट ११२. अशा एलईडींची सततची मर्यादा बहुधा १०० मिलिअँपिअर असते, तीही थंड हवेत. जास्त करंट, जास्त उष्णता, त्यामुळे आणखी करंट. गाडी उताराला लागली की मग कोण थांबवणार?

रांगेत सहाच ठेवले असते तर? सहाचे ८.४ व्होल्ट, उरले ३.६, रेझिस्टर ७५ ओहमचा, करंट ४८. ॲडॅप्टर १२.६ देऊ लागला तरी ५६, आणि एलईडी तापल्यावरही ६०च्या आसपास. रेझिस्टरवर जळणारी वीज वाया जाते असं वाटतं, पण तोच रांगेचा लगाम असतो. फक्त तो पाव वॉटचा घेऊ नका, अर्ध्या वॉटचा घ्या.

सगळे एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावणं ही त्याहून मोठी चूक. ज्या एलईडीचा व्होल्टेज केसभर कमी, तो जास्त करंट ओढतो आणि आधी मरतो. मग त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. एक वॉट, तीन वॉटचे पॉवर एलईडी वापरणार असाल तर रेझिस्टरचा नादच सोडा. त्यांना करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर आणि ॲल्युमिनियमचं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) द्या, मध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट. प्लास्टिकच्या बंद डबीत पॉवर एलईडी ठेवणं म्हणजे त्याला मंद आचेवर शिजवणं.

विकतच्या चांगल्या दिव्यात ड्रायव्हर आत असतो आणि धातूची बॉडीच हीटसिंकचं काम करते. या बाबतीत घरगुती दिवा मागे पडतो, हे मान्य करायला हवं. पण विकतचा म्हणजे चांगलाच असंही नाही. काही स्वस्त दिव्यांच्या आत माझ्याच जुन्या पीसीबीचा भाऊ बसलेला असतो. ओळखायची एक सोपी युक्ती: तासभर चालवून बॉडीला हात लावा. धातू गरम लागला तर उष्णता बाहेर पडतेय, छान. दावा मोठ्या वॉटचा, बॉडी प्लास्टिकची आणि तीही गार, तर ती उष्णता आतच कुठेतरी कोंडलीय.

हॅलोजनच्या बल्बपुढे फिल्मची काळी निगेटिव्ह लावून आयआर दिवा करायची एक जुनी युक्ती आहे. आयआर मिळतो, खरं आहे. पण बल्ब इतका तापतो की फिल्म वितळते, क्वचित पेटतेही. करू नका.

दिवा कॅमेऱ्याला चिकटवून लावणं

विकतचा दिवा भिंतीवर बसवताना मी तो कॅमेऱ्याच्या शेजारी, हातभर अंतरावर लावला. नीटनेटका दिसत होता. रात्री मात्र आठ मीटरवरच्या फाटकाऐवजी जवळची भिंत उजळली. कॅमेऱ्याने तो भगभगीत पांढरा भाग पाहून एक्सपोजर (आत घेतला जाणारा उजेड) खाली आणलं, आणि फाटक अंधारात बुडालं. वॉट वाढवले असते तर भिंत आणखी पांढरी आणि फाटक आणखी काळं झालं असतं.

अंतर दुप्पट झालं की तेवढ्याच उजेडासाठी दिवा चौपट लागतो. पाच मीटरवर पुरणारा दिवा दहा मीटरवर पाव उजेड देतो. मग दिवा मोठा करण्यापेक्षा उचलून पुढे नेणं किती सोपं! माणूस जिथे दिसायला हवा तिथल्या खांबावर, छताच्या कडेला, फाटकाच्या बाजूला दिवा लावा. फक्त तो कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊ देऊ नका. जवळची भिंत, पन्हळ, पांढरा खांब झोताच्या बाहेर ठेवा.

इथे घरगुती दिव्याची खरी मजा आहे. सहा एलईडींच्या दोन रांगांचा, तळहातावर मावणारा दिवा कॅमेऱ्यापाशी काहीच कामाचा नसतो, पण फाटकापासून दोन मीटरवर लावला तर तोच चेहरा दाखवतो. असे दोन-तीन छोटे दिवे पसरून लावले की सावल्याही कमी पडतात. विकतचा एकच मोठा दिवा हे करू शकत नाही.

दिवा लांब नेण्याचा आणखी एक फायदा. कॅमेऱ्याजवळचा उजेड पावसाच्या थेंबांवर, धुक्यावर आणि लेन्सपुढून उडणाऱ्या चिलटांवर पडून थेट लेन्समध्ये परततो. रात्रभर 'मोशन' चे अलर्ट येतात आणि उघडून पाहावं तर झुलणारं कोळिष्टक! दिव्यापाशी कोळी येतो आणि जाळं विणतो. दिवा कॅमेऱ्यापासून दीड-दोन मीटर दूर असला आणि कॅमेऱ्यातले एलईडी सेटिंगमधून बंद केले की हा त्रास बराच घटतो.

खिडकीच्या आतून कॅमेरा लावला असेल तर आतला आयआर कधीच चालू ठेवू नका. काचेवरून उलटून कॅमेऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. दिवा काचेबाहेर लावा. डोम कॅमेऱ्यातही तसंच: आतली फोमची किंवा रबराची कडी पारदर्शक घुमटाला घट्ट टेकलेली नसेल तर आतल्या आत उजेड फिरतो आणि चित्रावर धुकं येतं.

कोन न जुळवणं

२.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंशांचं दृश्य पाहते. सुट्या एलईडींचा झोत मात्र बहुधा २० ते ३० अंशांचाच. सगळे सरळ उभे सोल्डर केले तर मध्ये एक गोल पांढरा डाग आणि चहूकडे अंधार, जणू कुणी टॉर्च धरलाय. बाजूच्या रांगा सोल्डर करतानाच थोड्या बाहेर झुकवा.

खोक्यावर '१०० मीटर' छापलेला विकतचा दिवा बहुतेकदा याच कारणाने फसवतो. तो आकडा अरुंद झोताचा असतो, रुंद लेन्सच्या कडा तो उजळत नाही. मी खोक्यावरचं अंतर निम्मं धरतो आणि एलईडींची संख्या वाचतही नाही. वाचायचा असतो तो कोन.

किरकोळ वाटणाऱ्या, पण डोकं खाणाऱ्या गोष्टी

कॅमेरा दर मिनिटाला रंगीत-काळा-रंगीत होतोय? दिवा लागला की कॅमेऱ्याला वाटतं उजाडलं. तो डे मोडमध्ये जातो, फिल्टर आड येते, अंधार होतो, पुन्हा नाइट मोड. डे-नाइट बदलाची संवेदनशीलता कमी करा, विलंब वाढवा, नाहीतर सरळ वेळापत्रकावर टाका. दिव्याचा स्वतःचा प्रकाशसंवेदकही असा लावा की त्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडणार नाही.

चित्रात आडवे पट्टे सरकतात? दिवा सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतोय. मंद करण्यासाठी लावलेला पीडब्ल्यूएम डिमर (झपाट्याने चालू-बंद करून उजेड घटवणारा), किंवा नीट फिल्टर न केलेला जुना ट्रान्सफॉर्मर हे नेहमीचे गुन्हेगार. चांगला एसएमपीएस (स्थिर डीसी देणारा पॉवर सप्लाय) लावा.

दिवसा रेखीव आणि रात्री पुसट? काही लेन्समध्ये आयआरचा फोकस दृश्य प्रकाशापेक्षा किंचित पुढे-मागे पडतो. फोकस रात्री, आयआर चालू ठेवून करा.

लांब वायरीचं गणितही बघा. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने २० मीटरवर १ अँपिअर नेला तर जाऊन-येऊन साधारण १.४ व्होल्ट वाटेतच गळतात. दिव्यापाशी १२ऐवजी १०.६ पोहोचतात. आठच्या रांगेचा दिवा तिथे विझल्यात जमा. जाड वायर घ्या किंवा ॲडॅप्टर जवळ न्या. तो ॲडॅप्टर मात्र भिंतीआड कोरडा राहायला हवा. उघड्यावर घरगुती दिव्यात फक्त १२ व्होल्ट न्यायचे, घरची मेन्स वीज कधीच नाही.

पाण्याच्या बाबतीत मी विकतच्या आयपी ६६ किंवा ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) दिव्यावर भरवसा ठेवतो. घरगुती डबीला केबल ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) लावला, सिलिकॉन भरलं, तरी बाष्प कुठून तरी शिरतंच. पोर्चच्या छताखाली चालेल, भर पावसात नको. केबल डबीत खालून घाला आणि डबीच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी तिथूनच टपकेल.

डोळ्यांना विसरणं

प्रखर पांढऱ्या उजेडाकडे पाहिलं की पापणी मिटते, बाहुली लहान होते. आयआर दिसतच नाही, त्यामुळे डोळा स्वतःला वाचवत नाही. चांगल्या विकतच्या दिव्याच्या माहितीपत्रकात आयईसी ६२४७१ या प्रकाशाच्या धोक्यांसाठीच्या मानकानुसार जोखीमगट दिलेला असतो. घरगुती दिव्याची अशी तपासणी कुणी केलेली नसते. म्हणून पॉवर एलईडीचा दिवा चालू असताना जवळून निरखू नका, तपासायला मोबाइल वापरा, आणि बसवताना डोळ्यांच्या उंचीच्या बराच वर लावा. मुलांचा हात पोहोचेल अशा जागी तर नकोच.

उभ्या माणसावर तपासणी आटोपणं

दिवा लावला, फाटकाशी कुणाला तरी उभं केलं, चेहरा दिसला, झालं! इथेच गफलत होते. उभा माणूस कमी उजेडातही नीट दिसतो, कारण कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. १/२५ सेकंदाच्या शटरमध्ये चालणारा माणूस साधारण पाच सेंटिमीटर पुढे सरकतो, तेवढ्यात नाक-डोळे एकमेकांत मिसळतात. शटर १/१००वर आणा. चित्र काळं पडेल, ते किती काळं पडतं यावरून दिवा खरंच किती अपुरा आहे ते कळतं. मग दिवा जवळ आणा किंवा आणखी एक लावा, आणि पुन्हा स्वतः नेहमीच्या चालीने फाटकातून आत या. रेकॉर्डिंग एका फ्रेमवर थांबवून पाहा.

माझ्याकडे हे पाचव्या रात्री जमलं. विकतचा दिवा आता फाटकाकडच्या खांबावर आहे, भिंतीकडे पाठ करून. पोर्चमध्ये सहा-सहाच्या दोन रांगांचा घरगुती दिवा आहे, आणि ॲडॅप्टर अजून तोच जुना, १२.६ वाला.