कुत्र्याच्या गोचिडांसाठी भिंतीही तपासा

पावसाळा लागला की आपल्याकडं मराठवाड्यात कुत्र्यांच्या अंगावर गोचीड दिसायला लागतात. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली हात फिरवून बघा. गोचीड सापडला तर चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल तर अजिबात लावू नका: कातडी भाजते आणि कुत्रं ते चाटतं. गोठ्यातल्या जनावरांचं औषधही अंदाजानं फवारू नका, डॉक्टरांना वजन सांगून कुत्र्याचंच औषध घ्या.

पण खरी गोम भिंतीत आहे. रक्त पिऊन टम्म झालेली मादी अंगावरून गळते आणि फटीत शिरून हजारो अंडी घालते. माळवदाच्या जुन्या घरात, दगडमातीच्या भिंतीत अशा फटी कितीतरी! कुत्रं बसतं त्या कोपऱ्यातल्या फटी लिंपून घ्या, त्याचं पोतं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

कुत्रं भाकरीला तोंड लावत नसेल, अंग तापलं असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गोचीड चावल्यानं होणाऱ्या आजाराची, म्हणजे गोचीडतापाची, ही लक्षणं असू शकतात; त्याला वेळेत औषध मिळालं तर बहुतेक कुत्री बरी होतात.