हिरवी मिरची फ्रीजरमध्ये कशी साठवावी?

बेळगाव-खानापूर भागात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. हवा इतकी दमट की अर्धा किलो आणलेली हिरवी मिरची चार-पाच दिवसांत देठाजवळ काळी पडते, बुळबुळीत होते. संकेश्वरी, ब्याडगी वाळवून डब्यात वर्षभर राहतात, पण खर्ड्याला, पोह्यांच्या फोडणीला हिरवीच लागते. ती टिकवायला फ्रीजरसारखा सोपा उपाय नाही. उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही, मीठ-तेलही नको. फक्त पाण्याचा एक थेंब राहता कामा नये.

बाजारात घाई करू नका. गणपत गल्लीत भाजीवाल्या मावशींना "निवडून घेते की ओ" म्हटलं तर त्या नाही म्हणत नाहीत. टणक, तुकतुकीत मिरची घ्या, देठ हिरवा असलेली. सुरकुतलेली किंवा भोक पडलेली बाजूला काढा. फ्रीजर मिरचीला आहे तशी ठेवतो, खराब मिरची काही सुधारत नाही.

घरी आणल्यावर देठासकट धुवा. बऱ्याच जणी आधी देठ काढतात आणि मग धुतात, तिथंच चुकतं. देठ निघालेल्या भोकातून पाणी आत शिरतं आणि आतलं पाणी पुसता येत नाही. धुऊन झालं की जुन्या सुती पंचावर पसरा, पंखा लावा. उन्हाळ्यात दोन तास पुरतात, पावसात रात्रभर ठेवा. मग एकेक मिरची पुसून देठ काढा. पहिल्या वर्षी मी धुतलेल्या मिरच्या नुसत्या निथळून पिशवीत भरल्या होत्या. महिन्याभरानं पिशवी उघडली तर एकच हिरवी वीट! दोन मिरच्यांसाठी बत्त्यानं फोडावी लागली, आणि निम्म्या मिरच्यांचा चुरा झाला.

म्हणून थेट पिशवीत भरू नका. स्टीलच्या ताटात मिरच्या एका थरात मांडा, एकमेकींना चिकटू देऊ नका. ताट तीन-चार तास फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढून ताट हलवलं की गारगोट्यांसारखा खुळखुळ आवाज आला पाहिजे. मग लगेच झिपच्या पिशवीत भरा, हातानं दाबून हवा काढा, तारीख लिहा. एका पिशवीत पावशेर पुरे, म्हणजे सगळा साठा वारंवार उघडावा लागत नाही. आत हवा राहिली की मिरचीवर बर्फाचे कण धरतात आणि चव उतरते.

चिरून ठेवायची असेल तर आधी हाताला तेल लावा, हातमोजे असतील तर उत्तमच. मिरचीतला तिखटपणा मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, बियांत नव्हे. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे हात भगभगले तर नुसत्या पाण्यानं भागत नाही. तेल चोळून मग साबणानं धुवा. तोवर डोळ्यांना हात लावू नका, लहान मूल कडेवर घेऊ नका.

उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये अशी मिरची आठ-दहा महिने चांगली राहते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा तेवढा गार नसतो. तिथली दोन-तीन महिन्यांत संपवा.

वापरताना बाहेर काढून ठेवू नका. गोठलेली मिरची सुरीखाली कुरकुरीत कापली जाते. पाच मिनिटं गेली की लिबलिबीत होते. कारण गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. तिखटपणा मात्र तसाच राहतो. वर बर्फ दिसला तर पुसूनच फोडणीत टाका, नाहीतर तेल अंगावर उडतं. आमटी, पोहे, उपीट, पिठलं यांत फरक कळत नाही. भरली मिरची, भजी किंवा कच्च्या मिरचीची कोशिंबीर मात्र हिची होत नाही, त्यासाठी ताजीच आणा.

पिकलेल्या लाल ओल्या मिरच्याही अशाच ठेवता येतात. रंजका करायला त्या वाटायच्याच असतात, तेव्हा मऊ पडल्या तरी बिघडत नाही. खर्डा करून ठेवायचा असेल तर मिरच्या, लसूण भाजून, मीठ घालून वाटा आणि बर्फाच्या साच्यात गोठवा; वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, नाहीतर दुधालाही लसणाचा वास लागतो. लसणीचा खर्डा तेलात बुडवून ओट्यावर मात्र ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात, बाहेरच्या उबेत, विषारी जंतू वाढू शकतात.

लाईट गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला, बंद फ्रीजर साधारण ४८ तास गारवा धरतो, अर्धा भरलेला २४ तास. मिरची पूर्ण वितळून मऊ झाली असेल तर पुन्हा गोठवू नका. गार आहे तोवर त्याच दिवशी भाजून खर्डा करून टाका.